दोन मेगाहर्ट्झ

खिडकीखालून बीटचे ट्रक जातात, रस्त्यावर चिखल सांडत.
लुंडमध्ये नोव्हेंबर म्हणजे साडेतीनलाच दिवा लावायचा.
मी पडद्यावर एक नळी आखते आहे,
रुंदी तीनशे पंचाहत्तर मायक्रॉन,
चार केस शेजारी शेजारी झोपवले की संपली.
तिच्यात पाणी. पाण्यात ध्वनी,
जाऊन, आपटून, परत येऊन
स्वतःलाच भेटलेला, आणि मग तिथेच उभा.

उभी लाट.
मधोमध दाब निपचित,
भिंतींशी धापा टाकत असतो.
मी दहा हजार कण सोडते तिच्यात.
त्यांना नावं नाहीत. त्रिज्या आहे, घनता आहे,
आणि दाबलं तर किती दबतील त्याचा एक आकडा.
दाट, कडक असतात ते मधल्या रेषेवर येऊन बसतात
पंगतीला बसावं तसे,
चरबीचे मऊ भिंतीला पाठ लावतात.
सूप नाही, चाळण नाही, वारा नाही,
कुणी कुणाला हात लावला नाही,
तरी पाखडून झालेलं.

तळघरातून फोन येतो इंगवोरचा.
"तुझे कण शहाणे गं," ती म्हणते. "माझे नाहीत."

इंगवोर त्रेसष्टची. दोन्ही कानांत यंत्रं.
फोन ठेवला की ती काढून
चिमट्यांच्या शेजारी एका डबीत ठेवते.
एकदा म्हणाली होती, इथे जो आवाज राबतो
तो मला ऐकू येत नाही, तुलाही नाही,
या एका खोलीत आपण सारख्या.

सूक्ष्मदर्शकाखाली तिचे मोठे मणी
खरंच रेषेवर आलेत, अगदी माझ्या चित्रासारखे.
पण अर्ध्या मायक्रॉनचे बारके
रेषेपर्यंत येतात, धूसर होतात,
नाहीसे होतात,
आणि थोड्या वेळाने भिंतीपाशी पुन्हा उगवतात.
ती मान वर करून माझ्याकडे बघते.
मी चपलांकडे.

कारण मला ठाऊक होतं.
त्रिज्या निम्मी झाली की ध्वनीचा रेटा आठपट घटतो,
पाण्याची ओढ मात्र निम्म्यावरच थांबते.
बारक्यांना लाट नेत नाही, पाणी नेतं.
आणि पाणी फिरतं ते भिंतीला चिकटलेल्या
पॉइंट चार मायक्रॉनच्या एका सायीमुळे,
जी मी गणितातून काढून टाकली होती.
संगणकाचे तास वाचतात म्हणून.
आणि खरं सांगायचं तर
चित्र देखणं येत होतं.

रात्री भिंतीशी जाळी विणत बसले,
बारीक, अजून बारीक,
एकेका त्रिकोणाला सुईच्या टोकाएवढीही जागा नाही.
पहिल्यांदा उत्तर अनंताकडे निघून गेलं.
दुसऱ्यांदाही.
तिसऱ्यांदा पडद्यावर आलं, "हा आकडा नाही",
आणि मला ते वाक्य उगाच लागलं.
चौथ्यांदा मी कोट पांघरून खुर्चीतच झोपले.

उजाडता उजाडता भोवरे आले.
इंगवोर वरून बघते, मी नळी आडवी कापून बघते,
म्हणून तिला जे हरवल्यासारखं वाटलं
ते फक्त वर चढत होतं,
छताशी वळून घराकडे परतत होतं.

जिना उतरून गेले तेव्हा तिचे मणी संपले होते.
तिने नळीत दूध सोडलं होतं, पाणी घालून पातळ केलेलं,
आणि दोन्ही भिंतींशी पांढऱ्या दोन रेघा,
एखाद्या लहान पोराने पट्टी धरून ओढाव्यात अशा.
कानात यंत्रं नव्हती, म्हणून मी बोलले नाही.
चार बोटं दाखवली, मग प्रत्येक बोट
हवेत गोल फिरवलं.
तिने बघितलं. पुन्हा भिंगात डोळा घातला,
बराच वेळ काढला नाही.

मग डबी उघडून यंत्रं कानांत बसवली,
पंखा, पंप, बाहेरचा ट्रक
सगळं एकदम आत आल्यासारखा चेहरा केला
आणि म्हणाली,
"उरलेलं दूध वरच्या फ्रिजमध्ये ठेव.
स्टुरेचं आहे. विचारलं नव्हतं."